उजवीकडून काढलेली सरस्वती

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला जरा वेळ लागेल. मी पाटी. बोट फिरवलं की उजळते ती तुमची पाटी नव्हे. मी दगडाची, काळी, लाकडी चौकटीतली, एका कोपऱ्याला पत्र्याची पट्टी मारलेली. हैदराबादेत नल्लकुंट्याला एका घरात कपाटावर माझा मुक्काम असतो. माझ्या जातीला एकच भीती ठाऊक असते, ती जमिनीची. हातातून सुटलो की संपलो. पण गेल्या वर्षी मला दुसरी भीती कळली. तिला लाकडी दांडा होता.

खरं म्हणजे हातोडीची आणि माझी ओळख जन्मापासूनची. मार्कापूरच्या खाणीत दगडावर छिन्नी ठेवून, हातोडीनं हलकेच ठोकून, पापुद्र्यासारखी मला सोडवली. तेव्हा कानावर पडत होती ती तेलुगू. मग आदिलाबादकडच्या सागाची चौकट मिळाली आणि नांदेडकडच्या एका आठवडी बाजारात मी नामदेव नावाच्या पोराच्या बगलेत जाऊन बसले. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दू. नामदेवनं माझ्यावर पहिलं अक्षर काढलं ते अलिफ. शाळेत मी उजवीकडून डावीकडे भरायची आणि संध्याकाळी घरी त्याचा भाऊ बाराखडी घोटून घ्यायचा तेव्हा डावीकडून उजवीकडे. मला कशाचीच अडचण नव्हती. पुसलं की मी पुन्हा कोरी. मास्तर त्याचं अक्षर वर्गाला दाखवायचे, तेव्हा मीही चौकटीतल्या चौकटीत थोडी फुगायची.

पुढे नामदेवचे नामदेवराव झाले, हैदराबादेत नोकरीला लागले आणि मी ट्रंकेत गेले. वर्षातून एकदा, दसऱ्याला, बाहेर यायची. त्या दिवशी घरात पाटीपूजन. नामदेवराव माझ्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायचे, एकाशेजारी एक, ओळीवर ओळ. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून त्यावर श्री लिहायचे. आता सरस्वती मराठी घरातली, पण नामदेवरावांचा हात अलिफवर घडलेला. ते ओळ सुरू करायचे उजव्या टोकाकडून. त्यांची सून शिल्पा त्यांना मामा म्हणायची आणि नैवेद्य वाढता वाढता चिडवायची, "मामा, देवीला उर्दू शिकवायलात का?"

"तिला सगळं येतंय," नामदेवराव म्हणायचे. "मला एवढंच येतंय."

मग नात आली, त्रिवेणी. तिची इवलीशी मूठ आपल्या मुठीत धरून ते माझ्यावर पेन्सिल चालवायचे. पेन्सिलीला त्या घरात बलपम म्हणतात, तेलुगू शेजाऱ्यांचा शब्द. एकदा तिच्या हातून मी पडले. दगड वाचला, चौकटीचा कोपरा सुटला. पोर इतकी घाबरली की पलंगाखाली जाऊन बसली. नामदेवरावांनी तिला ओढून काढलं, समोर बसवलं आणि कोपऱ्याला पत्र्याची पट्टी मारली. "बघ, वाजतीया अजून," म्हणाले आणि टिचकी मारून दाखवली.

एका दसऱ्याला त्यांनी सरस्वती काढली आणि दुसऱ्या दिवशी मला पुसायला ते घरी नव्हते. दवाखान्यात होते. तिथून परत आलेच नाहीत. त्रिवेणीच्या वडिलांनी, संदेशनं, मला तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि कपाटावर ठेवली. "हिला कुणी हात लावायचा नाही. बाबांच्या हातचं शेवटचं आहे." पुढच्या दसऱ्याला पूजेत वह्या मांडल्या.

मित्रांनो, ट्रंकेतली अडगळ मी सोसली होती. पण हे जपणं मला भीती घालायचं. लिहिण्याची वस्तू मी, आणि घरातले माझ्याकडे मान वर करून बघायचे. कुणी बघेना तेव्हा पट्टीचा खिळा हळूहळू सैल होत होता.

त्रिवेणी आता शहरातल्या कोठी भागात एका कॉलेजात बी.ए. करते. चित्रकलेचा इतिहास, साहित्य, समाजशास्त्र. संदेशला हे पसंत नव्हतं. घरातल्या माणसांत वाटाघाटी होऊन ठरलं होतं की पहिल्या वर्षी मार्क बरे पडले तर ठीक, नाहीतर कॉमर्स. आणि पहिल्याच निबंधावर प्रियदर्शिनी मॅडमनी लाल शाईनं विचारलं होतं, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

त्या एका ओळीनं पोर आतून हलली. मी कपाटावरून ऐकायची. ती खोलीत येरझारा घालायची आणि स्वतःशीच बोलायची. घरात मराठी, गल्लीत दखनी, शेजारी तेलुगू, कॉलेजात इंग्रजी, आणि यातलं काहीच धड नाही. मराठी वाचायची तर अक्षरं जोडून जोडून वाचते. मग मी आहे कोण? त्यातच पुढचं काम आलं. घरातली एक वस्तू आणायची, तिच्यातून आपली ओळख वर्गासमोर मांडायची, आणि या मार्कांवर वर्षाचा निकाल.

एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. सोबत तिची मैत्रीण केतकी होती. केतकीचे आईवडील पुण्याहून इकडे कंपनीच्या नोकरीला आलेले. मराठी अशी, की शब्दांना इस्त्री केलेली.

"अगं, हे तर सोनं आहे," केतकी म्हणाली. "आता काय करणार आहेस हिचं?"

"तेच तर समजंना झालंय. मला लई भ्या वाटायलंय, केतकी."

"तुझी मराठी किती गोड आहे गं. म्हणजे, मराठीच आहे ना?"

"गप बस ना. सांग कायतरी."

केतकीनं मला दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं. "फोड. वर्गासमोर. चार तुकडे, चार भाषा, दोऱ्यानं टांगायचे. दुभंगलेली ओळख. मॅडमना तुटकं फार आवडतं."

मला तिच्या हातून काढून घेत त्रिवेणी म्हणाली, "पप्पा जीव घेतील."

"मार्क आल्यावर नाही घेणार."

स्वयंपाकघरात एक लहानशी हातोडी होती, शिल्पानं बेगम बाजारातून आणलेली, एरवी गुळाची ढेप फोडायला. ती त्रिवेणीनं कॉलेजच्या पिशवीत टाकली. मी माझ्या चौकटीत आखडून गेले. ओळख दुभंगलेली असते, हे मला माहीत नव्हतं. माझा दगड तेलुगू मुलखातला, पहिलं अक्षर उर्दू, घर मराठी, आणि मी आजवर अखंड होते. पण पाटीला कोण विचारतं.

सादरीकरणाच्या सकाळी तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मला ओढणीत गुंडाळलं आणि ती पिशवी कॉलेजच्या पिशवीत कोंबली. बसमध्ये गर्दी होती. जागा मिळाली नाही, तशी तिनं मला छातीशी घट्ट धरलं. हातोडी तिच्या कमरेशी लागत होती आणि बस हिसका देई तेव्हा माझ्या चौकटीवर टक्कन आपटायची. प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, हाच शेवटचा. शेजारची बाई म्हणाली, "अम्मा, जरा सरक ना, क्या पकडको खडी इतना?" त्रिवेणी म्हणाली, "कुछ नै आंटी, पाटी है." तिचे तळहात घामानं ओले झाले होते. तिच्या काळजाचे ठोके माझ्या दगडाला लागत होते. मित्रांनो, दोन भित्रे जीव एकमेकांना धरून कोठीला उतरले.

वर्गात तिचं नाव पुकारलं. तिनं टेबलावर मला ठेवलं, शेजारी हातोडी मांडली. पाठ केलेलं इंग्रजी बोलायला सुरुवात केली आणि ओढणी सोडली.

सरस्वती नव्हती.

ओढणी, घाम, बसचे हिसके. तिनंच मला इतकं घट्ट धरलं होतं की नामदेवरावांच्या हातचं शेवटचं पुसलं गेलं होतं. डाव्या कोपऱ्यात एकाचे दोन आकडे तेवढे अंधूक उरले होते. त्रिवेणीचा चेहरा पलंगाखालच्या पोरीचा झाला. तिचा हात हातोडीवर होता. आता काय राहिलंय, फोडूनच टाकू, असं तिच्या बोटांत आलेलं मला कळलं. घाबरलेला हात कुठेही पडतो.

"त्रिवेणी?" प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या.

तिनं हातोडी सोडली. पिशवीच्या तळाशी चाचपडलं. बलपमचा एक तुकडा माझ्याबरोबरच प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला होता, तो निघाला. ती माझ्यावर वाकली आणि काढायला लागली. एकाशेजारी एक. रेघा वेड्यावाकड्या येत होत्या, पण हात थांबत नव्हता. वर्गात फक्त दगडावरची करकर.

पहिल्या बाकावरून केतकी म्हणाली, "अगं, तू उलटं काढतेस. उजवीकडून."

त्रिवेणी थांबली. आपल्याच हाताकडे बघत राहिली. तो हात तिनं आधी कधी पाहिलाच नसावा.

"उजवीकडून का?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं. तिनं सांगितलं, थोडं इंग्रजीत, थोडं तेलुगूत, अडलं तिथे दखनीत. माझे आजोबा शाळेत उर्दू शिकले, घरी मराठी. त्यांच्या मुठीत माझी मूठ होती. हे मी शिकले हे मलाच माहीत नव्हतं. मी हिला आज फोडायला आणलं होतं. आणि बसमध्ये भीतीनं धरून धरून त्यांची सरस्वती पुसून टाकली. आता घरी काय सांगू ते मला माहीत नाही.

मॅडमनी लिहून घेतलं. मार्कांचं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "या वेळी तू दिसलीस. बस."

पण खरी भीती घरी होती. संध्याकाळी संदेश आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर उघडी पडले होते आणि शेजारी हातोडी. त्याची नजर वेड्यावाकड्या रेघांवर गेली.

"हे बाबांचं नाही," तो म्हणाला. "कुणी पुसलं?"

"मी," त्रिवेणी म्हणाली. दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

संदेश खुर्चीवर बसला. मी त्याला नामदेवरावांच्या मांडीवर बघितलेलं आहे, तेव्हाही राग आला की तो असाच माझ्यावर डोळे रोखून बसायचा. त्यानं बोटानं हवेतच माझ्यावरच्या ओळी मोजल्यासारख्या केल्या, डावीकडून. शेवटची ओळ डाव्या टोकाला अपुरी राहिली होती. अडला. मग उजवीकडून.

"तुलाही असंच शिकवलं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, फक्त मलाच."

आणि त्यानं हातोडी उचलली. मित्रांनो, मी तेव्हा काही बघितलं नाही. खाण आठवली, छिन्नी आठवली. ठोका पडला तो अगदी हलका, पट्टीच्या सैल खिळ्यावर. मग दुसरा. कोपरा गच्च बसला. संदेशनं टिचकी मारली. मी वाजले.

यंदाच्या दसऱ्याला मी पूजेत होते, त्रिवेणीच्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांशेजारी. दुसऱ्या दिवशी त्रिवेणीनं ओलं फडकं आणलं आणि क्षणभर थांबली. घाबरली होती. मीही. मग तिनं मला पुसलं.

तुमच्याही घरात कपाटावर माझ्यासारखं कुणी असेल. त्याला खाली काढा, वापरा. हातून पुसलं गेलं तर पुन्हा काढा. आमची भीती आमच्यावर सोडा. फक्त धरताना दोन्ही हातांनी धरा.