छत्रीवरच्या गोळ्या

मी दुकानाबाहेरची छत्री बोलतेय. हातात धरून मिरवायची नव्हे हो, चांगली चार माणसं सावलीला बसतील एवढी. जन्मले तेव्हा माझा तोरा काय विचारता! लालभडक अंग, सोनेरी काठ आणि मधोमध एका सिगारेटचं नाव.

कंपनीच्या माणसानं मला काकूंच्या दुकानापुढं फुकट उभी केली. काका गल्ल्यावर बसायचे, एक विझली की दुसरी पेटवायचे. धूर सगळा माझ्या पोटात.

मग सिगारेटच्या जाहिरातीला बंदी आली. मला वाटलं, झालं, आपली रवानगी भंगारात. पण तोच माणूस रंगारी घेऊन हजर. लाल तसंच, सोनेरी तसंच, नावसुद्धा तेच. खाली फक्त 'पेपरमिंटच्या गोळ्या' एवढं बारीक अक्षरात वाढलं. तपासणीला साहेब आले, मान वर करून त्यांनी वाचलं, गोळ्यांना बंदी नाही म्हणाले आणि गेले. गिऱ्हाइकं मात्र मला बघून सिगारेटच मागायची. गोळी एकानंही मागितली नाही.

पुढं काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. पुन्हा ओढलीत तर माझ्याकडं येऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. काकूंनी दुकानातून सिगारेट हद्दपार केली. काका माझ्या सावलीत बसून राहायचे. नजर वर गेली की हात आपसूक रिकाम्या खिशाकडं जायचा.

तलफ आली की काहीतरी चघळा, असंही डॉक्टर म्हणाले होते. काकूंना माझी आठवण झाली. कंपनीचा माणूस आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सिगारेट नको. या छत्रीवरच्या गोळ्या दे डबाभर. ह्यांच्यासाठी हव्यात."

तो हसला. "काकू, त्या गोळ्या नसतात हो."

"नसतात म्हणजे? इतकी वर्षं डोक्यावर वागवतेय मी."

"लिहिण्यापुरत्याच असतात त्या."

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ते दाखवायचे दात माझ्यावरच रंगवले होते तर! तो गेल्यावर काकू स्टुलावर चढल्या आणि कात्रीनं माझं कापड उसवायला लागल्या. काका खालून म्हणाले, "अगं, सावली चांगली होती तिची."

"सावलीला चादर आहे घरात," काकू म्हणाल्या. "दुसरा नवरा नाही."

आता माझ्या काड्यांवर निळ्या फुलांची जुनी चादर आहे. पावसात गळते, वाऱ्यात फडफडते. काका अजून वर बघतात. हात खिशाकडं निघतो, अर्ध्यात थबकतो, मग उगीच गुडघा चोळत बसतो.

माझ्या लाल-सोनेरी बहिणी तुमच्याही वाटेवर असतील. त्यांच्या सावलीला जरूर थांबा. फक्त त्यांच्यावर जे लिहिलंय, ते एकदा दुकानदाराकडं मागून बघा.