अडकलेल्या कफलिंका

"काका, तो फोटो उतरवा हो," सचिव मॅडम म्हणाल्या. "अकराला परदेशी पाहुणे येतायत. आपण त्यांच्या लोखंडावर कर वाढवलाय, त्यांनी आपल्या कापडावर. दोन्हीकडे निवडणुका तोंडावर, आणि भिंतीवर हे दोन जुने मंत्री बत्तिशी दाखवतायत!"

फ्लॅशकाका स्टुलावर चढले खरे, पण हात काही पुढे होईना. व्यापार खात्याचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यातला जीव लावावा असा हा एकच.

"मॅडम, हे का हसतायत, ठाऊक आहे?"

"करार झाला म्हणून."

"करार कुठला! दोन दिवस नुसती वचवच. शेवटी तोंडं फुगवून उठले, रीत म्हणून हात मिळवले, आणि आपल्या तेव्हाच्या साहेबांच्या बाहीची कफलिंक त्यांच्या साहेबांच्या कफलिंकेत जी अडकली! कात्री आणा म्हटलं, तर सगळ्या कात्र्या सुरक्षावाल्यांनी फाटकावर जमा केलेल्या. मग बसले दोघं सोफ्यावर, नव्या नवरानवरीसारखे. डाव्या हातानं चहा. आपल्या साहेबांनी निम्मा त्यांच्या पँटवर सांडला, आणि ते जे हसत सुटले! मी खटका दाबला. मग गुडघेदुखी निघाली, नातवंडं निघाली, आणि त्या ओघात करारही जुळला. पण सही करायला उजवा हात कुणाचा मोकळा होता?"

हसता हसता काकांचे डोळे भरले. मॅडमचा चेहरा मात्र पांढराफटक.

"म्हणजे हे आजही होऊ शकतं?" म्हणत त्यांनी फोन उचलला, तेव्हा कुठे काकांनी फ्रेम उतरवली.

अकराला दोन्ही देशांचे आजचे मंत्री आले ते बाह्या दुमडून. कफलिंका, घड्याळं, अंगठ्या, सगळं दाराशी दोन ट्रेमध्ये. हात मिळाले, सुटले. कुठे काही अडकलं नाही. चहा निवायच्या आत मंडळी उठली, कर जिथल्या तिथे. फक्त ट्रेंची अदलाबदल झाली, आणि आपले साहेब दिवसभर परदेशातली वेळ बघत बसले.

"काय स्वच्छ फोटो आलाय, काका! लावा त्याच खिळ्यावर."

काकांनी पाहिलं. दाढ काढायला आल्यासारखी दोन तोंडं.

"खिळा सैल झालाय, मॅडम."

त्या खिळ्याला रोडरोलर टांगला असता तरी तो हलला नसता.

संध्याकाळी जुनी फ्रेम मफलरात गुंडाळून, काखोटीला मारून काका जिना उतरले. फाटकावर सुरक्षावाल्यानं हटकलं, "काय नेताय, काका?"

"आमची माणसं," काका म्हणाले आणि चालू लागले.