बुटाच्या नाड्या

लालासाहेबांनी शेवटच्या प्रश्नापुढेही ‘नेहमी’वर खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि परेडला उभं केल्यासारखे ताठ बसले. शेजारी बसलेल्या बनुबाईंनी कागदात डोकावून पाहिलं. ‘मी विचार न करता लगेच कृती करतो : नेहमी.’

“आवं, ह्ये काय लिवलंय?”

“खरं त्ये लिवलंय. ऑर्डर आली की हालायचं. इच्यार करत बसणारा शिपाई पयला मरतो.”

चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला कोण सांगणार? साताऱ्यातल्या एका बँकेत बंदूकधारी रखवालदाराची जागा होती. पण बंदूक हाती देण्याआधी या माणसाचा स्वतःवर ताबा आहे, असा मानसोपचाराच्या डॉक्टरांचा दाखला हवा होता. नोकरी मिळाली तर लालासाहेब पुन्हा वर्दी घालणार होते. त्यासाठी दोघं वडूजहून पहिल्या एसटीनं साताऱ्याच्या दवाखान्यात आली होती.

डॉक्टर संयोगिता मॅडम सांगलीच्या, मुलीच्या वयाच्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“काका, ही उत्तरं बघून तुम्हाला दाखला देणं अवघड आहे.”

लालासाहेबांची मान लाल झाली. मग ते खाली वाकले आणि पायातल्या मिलिट्रीच्या बुटाची बांधलेली नाडी सोडू लागले.

मॅडम बघतच राहिल्या. “काय झालं?”

“राग आलाय त्येनला,” बनुबाई म्हणाल्या. “त्येंचा नेम हाय. बूट घातल्याबिगर भांडायला जायाचं न्हाई. पायात असलं तर सोडून परत बांधायचं. समदी भोकं व्हईस्तवर राग उतरतोय.”

“आणि नाही उतरला तर?”

“परत सोडायचं. गेल्या दिवाळीत तीनदा बांधलं. भांडाय गेलं न्हाईत.”

मॅडमना हसू आलं, पण पेन हातातच होतं. “हा नेम कधीपासून?”

बनुबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. बारा वर्षांपूर्वी बांधावरच्या भांडणात लालासाहेबांच्या हातातल्या फावड्याचा दांडा धाकट्या दिराच्या, नानासोंच्या खांद्यावर बसला होता. त्यांचा तो हात अजून डोक्यावर जात नाही. हे सांगितलं की बंदूक गेली, वर्दीही गेली.

“असंच,” त्या म्हणाल्या. “लय वर्सं झाली.”

लालासाहेबांची बोटं डाव्या बुटावर थांबली. मग त्यांनी शेवटच्या भोकातून नाडी ओढली, गाठ मारली आणि सरळ झाले. मानेवरची लाली उतरली होती.

“मॅडम, त्यो कागद परत द्या. मी घाईनं भरला.”

या खेपेला त्यांनी प्रत्येक प्रश्न ओठ हलवत वाचला. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं सरली. बाहेरचा पेशंट दारातून दोनदा डोकावून गेला. शेवटी त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.

“सख्ख्या भावाचा हात अधू केलाय मी. तवापास्नं ह्यो नेम,” ते म्हणाले. “त्ये कुटं लिवायचं?”

मॅडमनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

ते लिहू लागले. दाखल्याचं काय होणार, हे बनुबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि परेडला उभं केल्यासारख्या ताठ बसल्या.