रुख्मिणीबाईंचा कागद

पेडगावच्या भीमनगरात रुख्मिणीबाईंइतकं स्वच्छतेचं वेड कुणालाच नव्हतं. विहाराचा ओटा रोज त्याच झाडायच्या, आणि तिथं कुणी थुंकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. घोटाळा झाला तो त्यामुळंच. महिनाभर बाई खोकत होत्या. गल्लीत आरोग्याचं काम बघणारी आशाताई सुकेशनी हिनं बेडका तपासायला डबी दिली आणि सकाळी उठल्या उठल्या आतून खोकून त्यात टाका, असं बजावलं. पण असली घाण सुनेच्या वयाच्या पोरीच्या हातात द्यायची म्हणजे काय! बाईंनी खळखळून चूळ भरली आणि पाण्यासारखी स्वच्छ थुंकी दिली. सुकेशनीला त्या दिवशी सहा डब्या दवाखान्यात पोचवायच्या होत्या. तिनं झाकण उघडून पाहिलंच नाही.

तपासणीत काही निघालं नाही. बाईंनी तो कागद घरोघर मिरवला.

खोकला मात्र हटेना. डबी कशी भरली ते एकदा बाईंच्याच तोंडून निघालं आणि सुकेशनीच्या ध्यानात आलं, की तपासली गेली ती नुसती थुंकी, छातीतला बेडका नव्हेच. चार वर्षांची नात निकिता आजीच्याच गोधडीत झोपायची. स्वतःचा इतका राग सुकेशनीला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती नवी डबी घेऊन दारात हजर झाली. बाईंनी दार लावून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, की चांगल्या माणसाला रोगी ठरवून तुला काय मिळायलंय? सुकेशनी रडली, पण घरी जाऊन. तिसऱ्या दिवशी ती उंबऱ्यावर बसलीच.

"मावशी, चूक माझी हाय. न बघता डबी घेतली मी. लागंल तेवढ्या शिव्या द्या, पर निकितासाठी एकदा खोका. तवर मी उठत न्हाई."

निकिता डोळे चोळत बाहेर आली आणि आजीच्या मांडीवर बसली. बाईंनी तिला अलगद खाली उतरवलं, डबी उचलली आणि परसात मोकळ्या हवेत गेल्या.

क्षय निघाला. बाईंच्या गोळ्या सुरू झाल्या. निकिताला आजार नव्हता, पण पुढं होऊ नये म्हणून तिलाही औषध दिलं. सुकेशनीनं हळूच सांगितलं, की काळजी करू नका, कागद माझ्याजवळच ठेवते, कुणाला कळायचं नाही.

रुख्मिणीबाईंनी हात पुढं केला.

"आण इकडं. खोटा साऱ्या गल्लीला दावला, आता खरा दावते. माझ्यापाशी बसलेल्या बायांनी बी तपासून घ्यावं."

तोंडाला पदर बांधून त्या शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सुकेशनी डब्यांची पिशवी घेऊन त्यांच्या मागं धावली.