बाईंची बटणांची फळी

बाबा शिंपी. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबायला लागला. हॉस्पिटलनं घरी सोडताना सांगितलं, आठवड्यातून दोनदा थेरपिस्ट बाई येतील. आईनं तेल कोमट करून ठेवलं.

बाई आल्या. तेलाकडे बघून म्हणाल्या, मी हात चोळायला नाही, हाताला कामाला लावायला आलेय. मग घरभर हिंडल्या. बाथरूममध्ये धरायला दांडा लावायला सांगितला, चमच्याला फडकं गुंडाळून मूठ जाड केली. आणि जाता जाता आईला बजावलं, ह्यांच्या शर्टाची बटणं तुम्ही लावायची नाहीत.

"म्हणजे नवऱ्याला उघडा बसवू?"

"बसू दे. कंटाळले की लावतील."

बाबा कंटाळले नाहीत. तीन आठवडे उघड्या शर्टानं भिंतीकडे तोंड करून बसले. दुकान कधी उघडायचं विचारलं की डोळे मिटायचे. मी आईवर पहारा ठेवायची, तरी ती पाणी देण्याच्या निमित्तानं एखादं बटण लावून यायचीच.

मग बाईंनी एक फळी आणली. तिच्यावर ताणलेलं कापड, पाच बटणं, पाच काजं. सराव करा म्हणाल्या. बाबांनी बटणांना हातच लावला नाही. डाव्या अंगठ्यानं काजं चाचपत राहिले.

"ही कुणी केली?"

"मीच."

"माणसांसाठी की गोणपाटासाठी?"

आई ओशाळली. बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "मग दाखवा कशी करतात."

फळी टेबलाला आवळून बसवली. सुई उजव्या हातात दिली, ती पडली. मी वाकले तर बाईंनी माझा दंड धरला. सुई सात वेळा पडली, सात वेळा बाबांनीच उचलली. पूर्वी गप्पा मारता मारता डझनभर काजं करणाऱ्या माणसाला एका काजाला नऊ दिवस लागले. पण त्या नऊ दिवसांत एकदाही ते भिंतीकडे वळले नाहीत.

तीन महिन्यांनी बाबा स्वतः बटणं लावून दुकानात गेले. काजं जमली, कात्रीनं मात्र हाताचं शेवटपर्यंत ऐकलं नाही. म्हणून कापड कापायला माझ्यापुढे यायचं.

"अगं, तिरकं चाललंय," बाबा म्हणायचे. "तुझ्या हातासाठीही त्या बाईंना बोलवावं लागेल."

ते ऐकायला मिळावं म्हणून मी कधीकधी मुद्दाम तिरकं कापायची. बाबांना कळायचं. तरी दरवेळी म्हणायचे.