सडपातळ, देखणा आणि दोनच भोकांचा

मी आकांक्षाचा ऑफिसचा लॅपटॉप बोलतोय. जरा हळू बोला, कारण पोट उघडं टाकून दादरच्या जयवंत दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पालथा पडलोय, आणि शेजारी एक जाडा प्रिंटर सकाळपासून कण्हतोय.

आधी गुण सांगतो, दोष तुम्ही काढालच. वजन सव्वा किलोच्या आत. अंगकाठी अशी, की आकांक्षाची आई रखमा पहिल्या दिवशी म्हणाली, "गो, ह्यां नुसता झाकण हाडलंस, मशीन खंय आसा?" पडदा मागे पार सपाट झोपतो. बॅटरी अठरा तास चालते, असं जाहिरातीत लिहिलंय. जाहिरातवाल्यांनी आकांक्षाच्या बेचाळीस उघड्या खिडक्या पाहिल्या नसाव्यात. इथं आठ तास काढतो, तेही जिवावर उदार होऊन.

आता दोष. मी बारीक दिसावं या हौसेपायी कंपनीनं मला दोनच भोकं ठेवली, दोन्ही डाव्या कुशीत. चार्जिंग त्यातूनच, मोठ्या पडद्याची वायरही त्यातूनच. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक दाबलं की सगळाच कारभार बंद!

आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. आकांक्षा दोन वर्षं कंत्राटावर होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला परळच्या एका टॉवरात, गिऱ्हाइकांसमोर स्वतः बनवलेला, ऑर्डर घेण्याचा प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता. जमलं तर पर्मनंट, नाही तर नारळ. आणि घर तिच्यावरच, कारण बाबा मे महिन्यात रिटायर झाले.

बाबा म्हणजे लवू परब, एका इस्पितळातले लिफ्टमन. दर दसऱ्याला आपल्या लिफ्टला हार घालायचे, कुंकू लावायचे, नारळ फोडायचे. यंदा लिफ्ट दुसऱ्याची झाली. सकाळपासून बिचारे खोलीत येरझाऱ्या घालत होते. आकांक्षा तोरणाला फुलं आणायला खाली गेली आणि बाबांची नजर माझ्यावर पडली. मेलो!

पाटावर बसवलं. हार घातला, तो घसरला. टिकायला अंगाला जाडी नको? नारळाचं पाणी शिंपडलं. तेही सोसलं, माझा कीबोर्ड शिंतोड्यांना भीत नाही. मग त्यांना डाव्या कुशीतली दोन भोकं दिसली. "हे ह्येचे डोळे," असं पुटपुटत त्यांनी ओलं हळदकुंकू दोन्हींत चांगलं दाबून भरलं. अगदी भक्तिभावानं, काय बोलणार?

संध्याकाळी वायर आत जाईना. आकांक्षानं टाचणीनं कोरलं, ब्रशनं घासलं. कुंकू वाळून दगड झालं होतं. मग तिचा तोल सुटला.

"बाबा, ही तुमची लिफ्ट आहे का? उद्या माझी नोकरी आहे त्यावर! हात कशाला लावलात?"

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मला दोघांचा राग आला, पण सगळ्यात जास्त मला बनवणाऱ्यांचा आला. आणखी दोन भोकं पाडली असती तर काय त्यांचा हात झिजला असता?

सकाळी माझ्या अंगात एकोणचाळीस टक्के होते. मीटिंगच्या खोलीत भिंतभर पडदा, आणि वायरीशिवाय त्याला जोडायची सोय नाही. प्रोग्रॅम फक्त माझ्यावरच चालायचा, दुसऱ्या यंत्रावर चढवायला अर्धा दिवस लागला असता.

"आकांक्षा, आता काय करायचं गं?" तिच्या साहेब, रश्मी मॅडम, कुजबुजल्या. पोरीच्या घामानं माझे कोपरे ओले झाले.

मग तिला काय सुचलं कुणास ठाऊक. तिनं माझा पडदा सपाट केला, मला एका हातावर तोललं आणि आरतीचं तबक फिरवावं तशी टेबलाभोवती फिरायला लागली. सात साहेब, सातही जणांच्या पुढ्यात. "सर, तुम्हीच ऑर्डर टाका ना. इथं दाबा." एक टकले सर तर इतके रमले की मला सोडेनात. माझ्या जागी एखादा जाड्या असता तर तिचं मनगटच गेलं असतं, सांगून ठेवतो.

साडेचारला मेल आली. ती मला छातीशी धरून घरी पळाली.

बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "बाबा, मी पर्मनंट झाले!"

ते उठून बसले. "लेखी दिल्यानी?"

अकरा वर्षं कायम न होता, दुसऱ्याच्या बदली कामावर काढलेला माणूस तो. 'पुढच्या महिन्यात करू' हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की तोंडी शब्दावर त्यांचा भरवसाच उरला नव्हता. आकांक्षानं मला उघडलं, मेल लावली. माझ्यात सहा टक्के. बाबांना चष्मा सापडेपर्यंत चार. त्यांनी बोट ठेवून एकेक इंग्रजी शब्द लावून वाचला, 'पर्मनंट'पाशी दोनदा मागे आले. मी जीव मुठीत धरून उजेड देत राहिलो. शेवटी नाव आलं. आकांक्षा लवू परब. मधल्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"काल मी काहीच्या काही बोलले, बाबा," असं म्हणत ती रडायलाच लागली.

"गप गो. आधी ह्येका बंद कर. दमलो आसतलो तो."

दोन वर्षांत माझं झाकण आपटणारे पुष्कळ भेटले. दमला असेल म्हणणारा हा पहिलाच माणूस. तेव्हा जयवंतदादा, 'हा गेला, नवीन घ्या' असं ऑफिसला कळवू नका, हात जोडतो. भोकं साफ करा आणि मला लालबागलाच परत धाडा. म्हातारा वाट बघत असेल.