घोषणापत्र ऐकलेली खुर्ची

मी एक जुनी फणसाच्या लाकडाची खुर्ची आहे, आणि मित्रांनो, ह्या घरच्या थोरल्या लेकाचं, मोजम्मेलचं, वागणं मला पहिल्यापासून पसंत नाही. वर्षभर तो मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवतो. चैत्र सरला की धुतलं फडकं घेऊन येतो, मला पुसतो, पाठीवर लाल-हिरवं कापड घालतो आणि कुणी बसू नये म्हणून पुढे दोरी ताणतो. पाहुण्यांना सांगतो, "हिनं बांगलादेश जन्मताना बघितलाय." बघितलाय, खोटं नाही. पण जो माणूस इतक्या मायेनं पुसतो, त्याला पुसून काय काढायचंय, असं माझ्या मनात येतं. मी संशयी आहे, कबूल. कशी झाले ते ऐका.

मला हरिपद सुतारानं घडवलं. मोजम्मेलच्या आईच्या, सोनाभानच्या लग्नात तिच्या बापानं मला बैलगाडीत घालून तिच्याबरोबर पाठवलं. म्हणजे मी तिची. पण सासरी आल्याबरोबर मला बाहेरच्या बैठकीत नेऊन ठेवलं, आणि बाहेरच्या बैठकीत घरच्या बायका येत नसत. माझी मालकीण दाराच्या पडद्याआडून मला बघायची. तिला अक्षर म्हणाल तर आपल्या नावापुरतं येत होतं. मला तेवढंही येत नाही. आम्हा दोघींचं सगळं शिक्षण कानांनी झालेलं.

माझ्यावर मौलवी बसले, जावई बसले, पोलीस ठाण्याचा दरोगा बसला. दरोगा इतका रेलला की माझा डावा हात मोडून त्याच्या मांडीवर पडला. तो म्हणाला, "लाकूड कच्चं आहे." पडद्याआडून सोनाभान म्हणाली, "लाकूड पक्कं होतं, साहेब. आमचं जेवण जास्त झालं."

शेत कसणारे मात्र अंगणात उकिडवे बसायचे. फार तर खजुरीच्या पानांची चटई मिळायची. तळ्याकडची जमीन भादू शेख अर्धेलीनं कसायचा. एकदा कुणा पाहुण्यानं त्याला म्हटलं, "अरे, बस की खुर्चीवर." भादू हसला. "नको बाबा, ती मला चावेल." मी चावले नसते. पण मला कुणी विचारलं नाही.

आणि मग एकाहत्तर सालचा तो वैशाख आला. ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं माणसं मारली होती, गावोगाव लोक पळत होते, आणि एका सकाळी काही अनोळखी पोरं दारात येऊन म्हणाली, "खुर्च्या हव्यात."

"कशाला?" सोनाभान पडद्यामागून ओरडली. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. घर तीच चालवायची. "बसायला की जाळायला?"

"आंब्याच्या बागेत सभा आहे, चाची. मोठी माणसं येणार आहेत."

"मोठी माणसं आपल्या खुर्च्या आणत नाहीत होय? एक हात आधीच गेलाय हिचा. दुसरा मोडलात तर तुमचे दोन्ही मी मोडीन." तिनं भादूला हाक मारली. "तू ने. आणि नजरेआड करू नकोस. सभा संपली की तीच खुर्ची परत आण, दुसऱ्या कुणाची नको."

भादूनं मला डोक्यावर घेतलं. बागेत गावातल्या घराघरांतून आणलेल्या खुर्च्या होत्या, एकीसारखी एक नव्हती. कैऱ्यांनी फांद्या वाकल्या होत्या. माझ्यावर एक गृहस्थ बसले. त्यांचं नाव मला कुणी सांगितलं नाही. ते सारखे पानांतून आभाळाकडे बघत होते, विमान येतंय का म्हणून. मला वाटलं, ज्यांना इतकी भीती आहे ते देश कसला काढणार? भादू माझ्या पाठीला धरून मागे उभा राहिला. चाचीची आज्ञा होती.

मग स्वातंत्र्याचं घोषणापत्र वाचलं गेलं. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण वाचण्याची रीत मला कळली. आधी कारणं सांगितली. निवडणूक झाली, आम्ही जिंकलो. निवडून आलेल्यांची सभा बोलावतो असं पाकिस्तानचे राज्यकर्ते म्हणाले, बोलावली नाही. बोलणी चालू ठेवली आणि बोलता बोलता बंदुका चालवल्या. भांडून घर सोडणारी शहाणी बाई अशीच उंबऱ्यावर उभी राहते, चार माणसांसमोर आपण का जातोय ते सांगते, म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की ही उगाच गेली. त्यानंतर सांगितलं, नवं घर कशासाठी. समता, माणसाचा मान आणि न्याय, एवढ्यासाठी. माझ्या पाठीवर भादूची बोटं घट्ट झाली.

संध्याकाळी त्यानं मला अंगणात उतरवलं. सोनाभाननं आधी माझे पाय मोजले, मग विचारलं, "काय वाचलं रे?"

"समता, चाची. माणसाचा मान. न्याय."

"कुणाची समता? ढाक्याच्या आणि रावळपिंडीच्या साहेबांची आपसात, की तुझी आणि माझी?"

भादूनं डोकं खाजवलं. "ते विचारायचं राहिलं."

"बघ म्हणजे. तुझी-माझी असती तर ही खुर्ची येताना तरी कुणी दुसऱ्यानं उचलली असती." असं म्हणून ती आत गेली आणि मुरमुऱ्यांची परडी, त्यावर गुळाचा खडा, असं त्याच्यापुढे ठेवलं. एरवी ती हे काम सुनेला सांगायची.

थोड्याच दिवसांत सैन्य आमच्या रस्त्याला लागलं. बागेत कुणाकुणाच्या खुर्च्या होत्या, अशी चौकशी सुरू झाल्याची बातमी आली. कुणी सांगितलं असेल? प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दाराकडे बघू लागला. माणसं माणसांना बघून बोलणं थांबवायची. सीमा जवळ होती. गाव गाठोडी बांधू लागलं. मोजम्मेलनं कुऱ्हाड काढली.

"हिचा तुकडाही राहता कामा नये, मा. हिच्यापायी घर जाळतील."

"माझ्या बापाची वस्तू आहे ती."

"मग बापालाच येऊन राखायला सांग!"

भादूनं त्याच्या हातातली कुऱ्हाड हळूच धरली. "तुम्ही निघा, भाईजान. हिचं मी बघतो."

सगळे गेले. भादू मागे राहिला. त्यानं माझ्या पायांना विटा बांधल्या, मला तळ्यात नेलं आणि जलपर्णीखाली बुडवलं. खाली चिखल होता, वर बूट वाजत होते. मित्रांनो, पाण्याखाली राहिलं की वरच्या प्रत्येक आवाजाचा संशय येतो. तो संशय माझ्यात तिथं मुरला. भादू सीमेपार पोहोचला तेव्हा त्याला ताप चढला होता, आणि सोनाभाननं त्याला पहिला प्रश्न विचारला तो माझा नव्हता. "जेवलास का?" असं तिनं विचारलं. हे सगळं मला पुढे तळ्यातून काढताना भादूनंच ऐकवलं. चिखल धूत होता आणि बोलत होता.

देश झाला. मला उन्हात वाळवलं. मोजम्मेल मोठा माणूस होत गेला आणि गावच्या परिषदेचा अध्यक्ष झाला. ज्या खुर्चीवर तो कुऱ्हाड उगारून आला होता, तिला आता तो हार घालू लागला. शाळेतली मुलं येत, तो त्यांना ते तीन शब्द मोठ्यानं म्हणायला लावी. भादू अंगणात उकिडवा बसून ऐके.

हीच माझी तुमच्यापाशी विनंती आहे. मला कापडात गुंडाळू नका. पाठ होईपर्यंत म्हणायचं आणि मग भिंतीला टेकवून ठेवायचं, असं त्या शब्दांचं करू नका. खुर्ची बसून झिजते, ते बरं. नुसती उभी राहिली की तिला वाळवी लागते, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

आता गेल्या शुक्रवारचं सांगते. मोजम्मेलला तळ्याकडच्या जमिनीत माशांची शेती करायची आहे. भादूचा ताग त्या जमिनीत कमरेएवढा वाढलाय. भादू म्हणाला, "पीक तरी काढू द्या. आणि पुढे कसायला कुठे जाऊ?" मोजम्मेलनं अंगणात गावचा निवाडा बोलावला. माझी दोरी सोडली, मला मधोमध मांडलं आणि तो स्वतः माझ्यावर बसला. भांडण त्याचं आणि न्यायाधीशही तोच. भादू समोर उन्हात उभा.

"मी कुणावर अन्याय करणार नाही," मोजम्मेल म्हणाला. "मी कशावर बसलोय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक विचारतो. त्या वर्षी अख्खं गाव सीमेपार गेलं. हा एकटा मागे का राहिला? त्या दिवसांत सैन्याला नावं कुणी दिली, ते अजून कळलेलं नाही."

 मी बघत होते, माणसं भादूपासून कशी थोडी थोडी सरकतात ते. एक म्हातारा म्हणाला, "खरंच की. राहिला होता खरा."  'गद्दार' ह्या न उच्चारलेल्या शब्दापुढे ताग कुठला, जमीन कुठली? ते नाव एकदा चिकटलं की त्याच्या नातवंडांनाही ह्या गावात कुणी मुलगी दिली नसती. मला बोलता आलं असतं तर! मी नुसती करकरले. मोजम्मेलनं माझा उरलेला हात घट्ट दाबला.

तेव्हा पडदा सरकला. सोनाभान बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात काठी. सुनेनं मागून "मा, मा" केलं, पण तिनं वळून पाहिलं नाही. पुरुषांच्या निवाड्यात ती उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आली होती. माणसं उठून उभी राहिली. मोजम्मेल बसूनच म्हणाला, "मा, हे बायकांचं काम नाही. आत जा."

ती माझ्यापर्यंत चालत आली. तिनं काठीचं टोक त्याच्या पायाजवळ टेकवलं.

"ऊठ, मोजम्मेल," ती म्हणाली. "हा मागे राहिला, कारण तुझ्या हातात कुऱ्हाड होती आणि माझ्या बापाची वस्तू तुला जड झाली होती. त्याला तापात मी पाणी पाजलंय, मला विचार. ज्याच्यावर आळ घेतलास त्याला उन्हात उभं केलंस आणि स्वतः टेकून बसलास. तू न्याय करायला बसलाच नव्हतास. तळ्याकडची जमीन तुझ्या बापानं मला निकाहाच्या वेळी मेहरमध्ये दिलीय, ती भादू कसेल, आणि त्याच्यामागे त्याची पोरं कसतील. ह्या सगळ्यांसमोर त्याची माफी माग. तोवर माझ्या चुलीवरचा भात तुला मिळणार नाही."